नगरचा समुद्र

मंडळी, आपल्या नगर जिल्ह्याला समुद्र नाही. पाथर्डी, जामखेड, कर्जत या भागात उन्हाळ्यात टँकरपुढे हंड्यांची रांग लागते. तिथल्या माणसाला समुद्राची गोष्ट काय सांगायची, असे कुणीही म्हणेल. पण दिवाळीची सुट्टी लागली किंवा उसाचे पैसे हातात आले, की आपल्याच गावागावांतून जीपगाड्या आणि मिनीबस रात्री निघतात. पुणे ओलांडतात, ताम्हिणी घाट उतरतात आणि उजाडता उजाडता काशीद-मुरूडच्या किनाऱ्याला लागतात. पूर्वी सहल म्हणजे देवदर्शन आणि ऊरूस. आता त्यात समुद्राची भर पडली. चांगलेच झाले. ज्याने आयुष्यभर विहिरीचा तळ पाहिला, त्याला एकदा तरी न संपणारे पाणी पाहायला मिळाले पाहिजे.

माझे म्हणणे त्यापुढचे आहे. ही मंडळी रिसॉर्टवर उतरतात. सुरूच्या बनाखाली बसतात, लाटांत भिजतात, रात्री सुरमईचे ताट आणि दुसऱ्या दिवशी परत. घरी येऊन सांगतात, समुद्र पाहिला. पण रिसॉर्टच्या कुंपणापलीकडचा मुलूख त्यांनी पाहिलेला नसतो. आणि त्या मुलुखात आपलेच घर आहे, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

मुरूडजवळ राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला जातात. मूळ अरबी शब्द जझीरा, अर्थ बेट. मराठीने त्याचा जंजिरा केला आणि इतका आपलासा केला, की पुढे कोणत्याही पाणकोटाला जंजिरा म्हणू लागले. जंजिरे सिंधुदुर्ग, जंजिरे विजयदुर्ग असेच लिहिले गेले. शब्द कुठून आला, हे भाषा विसरत नाही. पण त्याला परकाही मानत नाही.

या बेटावर आधी कोळ्यांचा मेढेकोट होता. मेढे म्हणजे जाडजूड लाकडी खांब. ते रोवून राम पाटील नावाच्या कोळी नायकाने चाच्यांपासून आपली वस्ती राखली, असे सांगतात. पुढे निजामशाहीचा सरदार पिरमखान व्यापारी म्हणून आला, दारूची पिंपे उतरवली आणि कपटाने कोट घेतला, अशी कथा आहे. ही निजामशाही कोणती? आपली, नगरची. अहमद निजामशहाने 1490 मध्ये जी स्वतंत्र केली आणि जिच्यासाठी सीना नदीकाठी हे शहर वसवले, तीच. आज जो दगडी तट आपण तोंडात बोट घालून पाहतो, तो सोळाव्या शतकात निजामशाहीच्याच अमलात उभा राहिला. त्यावर नेमलेले सिद्दी हे आफ्रिकेतल्या हबसाणातून आलेले लोक. त्याच हबसाणातून गुलाम म्हणून आलेला मलिक अंबर पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला.

म्हणजे ज्या काळात नगरचा माणूस खापरी नळातून आलेले पाणी पीत होता, त्याच काळात नगरचा हुकूम अरबी समुद्रावर चालत होता. अरबस्तान-इराणचे घोडे चौल बंदरात उतरत आणि घाट चढून वर येत. त्या चौलपायी 1570-71 मध्ये मुर्तझा निजामशहाने पोर्तुगिजांना वेढा दिला, पण बंदर हाती आले नाही. तोफा मात्र आपल्याकडे ओतल्या जात. विजापूरची प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ 1549 मध्ये नगरला ओतलेली आहे.

चौल-रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे. तिथल्या टेकडीवर निजामशहाने किल्ला बांधला आणि 1594 मध्ये पोर्तुगिजांनी तो घेतला. किल्ल्यावर आता वारा आणि गवत. पण पायथ्याच्या वाडीतले ख्रिस्ती लोक आजही घरात जी बोली बोलतात, ती पोर्तुगीज आणि मराठी एकमेकींत मुरून झालेली आहे. तिला ते ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. बोलणारे हजाराच्या आसपास. पोर्तुगिजांनी 1740 मध्ये हा मुलूख सोडला, भाषा राहिली. घरात दख्खनी आणि कागदावर मराठी असा ज्याचा जन्म गेला, त्या माझ्यासारख्याला कोर्लईची ती गल्ली कोणत्याही राजवाड्याहून मोठी वाटते. काशीदहून ती जवळच आहे. पण सहलीची गाडी तिथे थांबत नाही.

एकदा जंजिऱ्यावर सोबतच्या एका गृहस्थांनी हसत हसत मला विचारले, “काय कवी, तुमचा किल्ला अजिंक्य राहिला म्हणून आनंद झाला असेल?” प्रश्नात कडवटपणा नव्हता, पण ‘तुमचा’ हा शब्द होता. अशा प्रश्नाला रागाने उत्तर देऊ नये, माहितीने द्यावे. मी म्हटले, किल्ला आधी कोळ्यांचा, मग नगरचा, म्हणून तुमचा आणि माझा दोघांचा. सिद्द्यांनी पुढे आदिलशाहीची चाकरी केली, मग मोगलांची. किनाऱ्यावरच्या रयतेने त्यांचा जाचही सोसला, तो लपवायचे कारण नाही. त्यांच्याशी झुंजायला शिवाजी महाराजांनी आरमार उभे केले, जवळच्या कासा बेटावर पद्मदुर्ग बांधला. त्या आरमारात मायनाक भंडारी होता, तसे दर्यासारंग आणि दौलतखानही होते. लाय पाटील कोळ्याने जीव धोक्यात घालून अंधारात जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला. तो म्हणाला, आम्ही दर्यावर्दी, पालखी घेऊन काय करू? तेव्हा महाराजांनी त्याला गलबत दिले आणि त्याचे नाव ठेवले ‘पालखी’, असे सांगतात. समुद्रावर माणसाची जात-धर्म विचारून काम भागत नव्हते. वारा कोण ओळखतो, हे आधी पाहावे लागे. गृहस्थ ऐकत राहिले. परतीच्या होडीत त्यांनीच पद्मदुर्ग मुलांना बोट करून दाखवला.

आता थोडे कडू बोलतो. 2016 च्या फेब्रुवारीत पुण्याहून सहलीला आलेली 14 कॉलेजची मुले मुरूडच्या समुद्रात बुडाली. दर वर्षी देशावरच्या कुणाच्या तरी घरी अशी बातमी येतेच. विहिरीत पोहणाऱ्याला वाटते, पाणी ते पाणी. पण विहीर जागेवर असते, समुद्र चालता असतो. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी आणि रोज ही वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. ओहोटीचे पाणी पायाखालची वाळू ओढत आत नेते. पुनव आणि अवसेला हा ओढा सर्वांत मोठा.

कोळ्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचे. ज्यांनी शाळेत पाऊणकी घोकली, त्यांना हे तोंडी जमेल. पण हिशेबावर विसंबून पाण्यात उतरू नये, किनाऱ्यावर जाळे विणत बसलेल्या माणसाला विचारावे. “दादा, आता उतरू का?” एवढेच. तो नाही म्हणाला, तर नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की एक मुक्काम वाढवा. एक दिवस लाटांना द्या, एक दिवस माणसांना. राजपुरीजवळ खोकरीला सिद्द्यांच्या दगडी कबरी पाहा. फणसाडच्या रानात शेकरू दिसते का बघा. ते रान नबाबाच्या शिकारीचे होते, 1986 पासून अभयारण्य आहे. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, तेव्हा थंडीत जा.

आणि निघण्याआधी आपल्या नगरचा फराहबाग मुलांना दाखवा. शहराचे नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झाले, महाल तोच आहे. भोवती तळे खणून त्याच्या मधोमध 1583 च्या सुमारास तो पुरा केला. तळे आता कोरडे आहे. मुलांना सांगा, दुष्काळी मुलखातल्या माणसांनी हौसेने बांधलेले हे बेट. याच राज्याचे दुसरे बेट दाखवायला आपण आता चाललो आहोत.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)