साखर, मीठ आणि आतडे

अन्न पोटात गेले म्हणजे अंगी लागले असे नव्हे. पाचकरसांनी पिष्टाची साखर होते खरी. पण ती रक्तात शिरते लहान आतड्याच्या भिंतीतून. तेथे साखर व मिठातील सोडियम जोडीने आत जातात, आणि पाणी त्यांच्यामागोमाग. पटकीत शरीरातले पाणी भडाभडा जाते, तरी ही वाट शाबूत असते. १९७१ साली बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी पूर्व बंगालच्या निर्वासितांना साखर-मिठाचे पाणी पाजले. मृत्यूचे प्रमाण शेकडा सुमारे ३० वरून ४ च्या आत आले. म्हणून जुलाब झालेल्या मुलाचे पाणी तोडू नका. १ लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोटघोट पाजा, आणि डॉक्टरांना दाखवा.