पाठांतर



शाळेच्या बँडमध्ये मी ढोल बडवायचो, हे तुम्ही विसरला नसालच! पुढे नाद लागला तो इटलीच्या आर्तुरो टोस्कानिनीचा. १८८६ साली रिओमध्ये हा एकोणीस वर्षांचा चेलोवादक ऐनवेळी वाद्यवृंदासमोर उभा राहिला आणि 'आईदा' हा अख्खा ऑपेरा त्याने न बघता चालवला. नजर अधू, म्हणून सगळं पाठ.

४ एप्रिल १९५४. न्यूयॉर्कचं कार्नेगी हॉल. वय सत्त्याऐंशी. वाग्नर चालू असताना त्या स्मरणशक्तीनेच दगा दिला, हात थबकले. पुन्हा त्याने जाहीर कार्यक्रम केला नाही.

मघाशी दारात एकाने मला मिठी मारली. आमचा बाक एकच, पण नाव आठवेना. बाबा रे, रागावू नकोस. जेवताना शेजारी बस आणि नाव सांग.