तारेवरचा शेजारी
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



सचिव म्हणाले, "काका, तुमच्या फोटोंबद्दल दहा मिनिटं बोला." पंचवीस वर्षांत मी माईकसमोर फक्त पाण्याच्या टाकीवर बोललो आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

हॉलच्या मागच्या भिंतीवर लावलेले फोटो आपण पाहिले असतील. बऱ्याच जणांनी विचारलं, कोणत्या अभयारण्यातले? मंडळी, ते सगळे आपल्या बोईसरचे आहेत. स्टेशनकडे जाताना नाल्यावर जो छोटा पूल लागतो, तिथले. चॉकलेटी डोकं, पांढरी छाती, निळी झळाळती पाठ आणि लाल दणकट चोच. हा खंड्या. ओरडतो त्यावरून किलकिला असंही म्हणतात.

निवृत्तीनंतर मुलाने कॅमेरा घेऊन दिला. सकाळी पुलावर एमआयडीसीत जाणाऱ्या कंपन्यांच्या बसेस, रिक्षांची रांग, लोकलसाठी पळणारी माणसं. आणि त्यांच्या डोक्यावर विजेच्या तारेवर हा निवांत बसलेला. मला वाटलं, सोपं काम आहे. पण मी थांबून कॅमेरा वर केला की स्वारी पसार! पहिला आठवडा माझ्याकडे नुसत्या तारांचे फोटो जमले.

मग लक्षात आलं. खंड्याला गर्दीचं काही वाटत नाही. चालती माणसं त्याच्या अंगवळणी पडली आहेत. त्याला धास्ती असते ती थांबून टक लावून बघणाऱ्याची. तेव्हापासून मी चहाच्या टपरीच्या बाकावर बसू लागलो. रोज तीच वेळ, तीच जागा, कॅमेरा मांडीवर. दहाएक दिवसांत मीही त्याच्या लेखी बाकाचाच एक भाग झालो. शिकार करून तो बहुधा पहिल्याच जागी परत येतो. म्हणून त्याच्यामागे धावायचं नाही, त्या जागेवर नेम धरून थांबायचं. आणि ऊन आपल्या पाठीशी ठेवायचं. त्याच्या पिसांत निळा रंग भरलेला नसतो. पिसांच्या बारीक रचनेमुळे प्रकाश निळा होऊन परततो. उजेड उलट बाजूने आला की तोच पक्षी काळपट दिसतो.

लोकांचे प्रश्न मात्र थांबत नाहीत. "काका, लाईटवाले का?" "रस्ता रुंद होणार का?" एकाने तर विचारलं, "बुलेट ट्रेनचा सर्व्हे आहे का?" मी म्हटलं, तसा संबंध आहे! जपानमध्ये वेगवान गाडी बोगद्यातून बाहेर पडताना मोठा धमाका व्हायचा. एजी नाकात्सू हे तिथले इंजिनिअर पक्षीनिरीक्षक होते. खंड्या पाण्यात सूर मारतो तेव्हा पाणी फारसं उडत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. १९९७ साली धावू लागलेल्या ५०० मालिकेच्या शिंकान्सेन गाडीचं नाक त्याच्या चोचीवरून बेतलेलं आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं एक स्टेशन बोईसरला होणार आहे. ते होईल तेव्हा होईल. चोचवाला आपल्याकडे आधीपासून आहे.

आता एक काळजीची गोष्ट. आपला हा खंड्या फक्त माशांवर जगत नाही. सरडे, बेडूक, खेकडे, नाकतोडे, सगळं चालतं. म्हणून नाल्याचं पाणी गढूळ झालं तरी तो टिकून आहे. चिमणीएवढा छोटा निळा खंड्या मात्र मासा डोळ्यांनी हेरून सूर मारतो, त्याला नितळ पाणी लागतं. सुरुवातीच्या वर्षांत तोही आपल्या गच्चीवरून दिसायचा. गेली काही वर्षं मला इथे दिसलेला नाही. पाण्याचं काय झालंय ते यावरून समजावं.

आणि एक चूक कबूल करतो. गेल्या मे महिन्यात बी विंगच्या मागे, नाल्याच्या मातीच्या उभ्या कडेला मला खंड्याचं बीळ सापडलं. हा झाडावर घरटं बांधत नाही, मातीत हातभर बोगदा खोदून आत अंडी घालतो. मी अगदी जवळ खुर्ची टाकून बसलो. समोर तारेवर चोचीत सरडा धरून तो अर्धा तास बसला. मी खूष! इतके फोटो कधीच मिळाले नव्हते. शेवटी आपले वॉचमन मामा आले आणि म्हणाले, "साहेब, तो घरात जायला थांबलाय. पिल्लं भुकेली असतील. तुम्ही उठा." मी उठलो. कोपऱ्यावरून वळून पाहिलं, तोवर तो बिळात शिरलाही होता. ते फोटो आज मी भिंतीवर लावलेले नाहीत.

हे सांगण्याचं कारण म्हणजे नाल्याकडच्या भिंतीचं काम एप्रिल-मेमध्ये काढायचं ठरतंय. भिंत हवीच, गेल्या पावसात पार्किंगमध्ये पाणी शिरलं, माझीही स्कूटर बुडाली. पण एप्रिल-मे हे त्यांचे विणीचे दिवस. माझी कार्यकारिणीला दोन विनंत्या आहेत. काम फेब्रुवारीअखेर उरकावं, म्हणजे पुढच्या पावसाआधी आपणही सुरक्षित. आणि बी विंगच्या मागे पंधरा फूट लांबीत भिंत तीन फूट आत घ्यावी, म्हणजे मातीची ती कड शाबूत राहील.

यात दोन स्कूटरची जागा जाईल, मला कल्पना आहे. त्यातली एक माझी धरा. दुसरी कोण देतंय, ते जेवणाच्या वेळी मला येऊन सांगा.