बासरी आणि अंतर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शाळेत गणित शिकवीत आणि संध्याकाळी घरी बासरी वाजवीत. त्यांनी मैफल कधी केली नाही. आपण वादक आहोत असेही ते कधी म्हणाले नाहीत. अशा हौशी माणसाच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानात हौशी वादकांविषयीच बोलावे, असे मला वाटले. मी स्वतः त्याच जातीचा. चाळीस वर्षे नोकरी केली, त्याहून थोडी अधिक वर्षे बासरी वाजवली, आणि दोहोंपैकी एकाचेच वेतन मिळाले.

आजचा प्रश्न साधा आहे. गवयाला साथीदार लागतो, नटाला प्रेक्षक लागतो. हौशी बासरीवाल्याला काय लागते? माझे उत्तर असे की त्याला ऐकणारा एक जाणता कान लागतो, आणि तो बहुधा त्याच्या गावात नसतो. सतारीचे, तबल्याचे, पेटीचे शिक्षक आपल्याकडे पेठेपेठेत सापडतात. बासरीचे सापडत नाहीत. याचे कारण इतिहासात आहे. रागसंगीताच्या मैफलीत बासरीला मानाचे स्थान मिळाले ते विसाव्या शतकाच्या मध्याला, आणि ते मुख्यतः एका माणसामुळे. पन्नालाल घोष यांचा जन्म 1911 साली बारिसालचा. 1940 मध्ये ते मुंबईस आले, चित्रपटांसाठी काम केले, 1947 पासून उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडे शिकले, 1956 मध्ये आकाशवाणीच्या सेवेत दिल्लीस गेले आणि 1960 साली, पन्नाशीही गाठली नसताना, निवर्तले. ख्यालाची संथ बढत पेलेल अशी लांब, खर्जाची बासरी त्यांनी रूढ केली. मुंबईच्या वास्तव्यात त्यांच्याभोवती शिष्यांचे एक वर्तुळ जमले. देवेंद्र मुर्डेश्वर, व्ही. जी. कर्नाड ही त्यांतील परिचित नावे. म्हणजे ज्या वाद्याची मैफलीतली परंपराच एका माणसाच्या आयुष्याएवढी तरुण, त्याचे शिक्षक मोजक्या शहरांत असणार आणि शिकू इच्छिणारे दूरदूर विखुरलेले असणार, हे ओघानेच आले.

बडोद्याला दूरच्या शिष्याचा विचार नवा नाही. मौलाबक्ष यांची गायनशाळा येथे 1886 मध्ये सुरू झाली. गाणे कागदावर उतरवता यावे म्हणून त्यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली होती. 1916 साली याच नगरीत, महाराज सयाजीरावांच्या आश्रयाने आणि पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने, पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. त्याच काळात संस्थानाची फिरती ग्रंथालये पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी पाठवीत होती. पुस्तक पेटीत बसते. स्वर पेटीत बसतो का, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

तो काही अंशी बसतो. भातखंडे पद्धतीत मंद्र स्वराखाली बिंदू, तारस्वरावर बिंदू, कोमलाखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मींडेसाठी वरून कमान. एवढ्या खुणांवर बंदिशीचा सांगाडा टपालाने कोठेही जातो, आणि माझ्या पिढीतील पुष्कळांनी तो तसाच मिळवला. परंतु बासरीवर मींड निघते ती बोट छिद्रावरून हळूहळू सरकवून. मध्यमावरून गंधारावर उतरताना बोट किती वेळात, कोणत्या बाजूने, किती दाबाने यावे, हे ती कमान सांगत नाही. पोस्टकार्डावर कमान येते, बोट येत नाही.

मग रेडिओ आला. बडोदे संस्थानाला स्वतःचे नभोवाणी केंद्र होते. स्वातंत्र्यानंतर ते आकाशवाणीत गेले. आकाशवाणीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम 1952 मध्ये सुरू झाला, रेडिओ संगीत संमेलन 1954 मध्ये. शनिवारच्या रात्री एकच आलाप बडोदे, बेळगाव, नागपूर, इंदूर येथे एकाच क्षणी ऐकला जाई. हौशी वादकांचा दूरस्थ समाज खऱ्या अर्थाने तेथे जन्मला असे मी मानतो. फक्त त्यातील सभासदांना एकमेकांची नावे ठाऊक नव्हती. आणि रेडिओ बोलत असे, ऐकत नसे.

ऐकणारे यंत्र आले ते कॅसेटचे. येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण बासरीवाल्याचे कॅसेटशी जे भांडण होते ते गायकाचे कधी नव्हते. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या गतीने फिरावी असा संकेत. घरगुती यंत्रे तो काटेकोर पाळतच असे नाही. गती शेकडा सहा वाढली की सगळे गाणे जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते. शेकडा तीन वाढली तर पाव स्वराने. गायक आपला षड्ज हलवतो आणि मोकळा होतो. बासरीचा षड्ज बांबूतच कोरलेला. पांढरी तीनची बासरी घेऊन बसावे तर कॅसेटमधील गुरू पांढरी तीन आणि पांढरी चार यांच्या मधल्या कोणत्याशा निर्जन जागी वाजवताहेत, आणि त्या जागेची बासरी जगात कोणी करीत नाही! असे असूनही कॅसेटी परदेशी जाणाऱ्यांच्या सामानातून लोणच्याच्या बरणीशेजारी बसून अमेरिकेला गेल्या आणि तिकडून शिष्यांचे वादन भरून परत आल्या. एका शंकेचे उत्तर यायला दोन महिने लागत. त्या दोन महिन्यांत मनुष्य चुकीचा स्वर पक्का करून ठेवी, हा भाग वेगळा.

दूरध्वनीवर वाजवून दाखवणेही आम्ही करून पाहिले. जुन्या दूरध्वनीतून साधारण 300 ते 3400 कंपनांपर्यंतचाच ध्वनी जात असे. पांढरी तीनच्या बासरीचा मंद्र पंचम 247 कंपनांचा. म्हणजे ज्या स्वरासाठी ही लांब बासरी घडवली, त्याचा पायाच तारेत शिरत नव्हता. कान वरच्या उपस्वरांवरून त्याची कल्पना करून घेई, इतकेच.

आता इंटरनेटकडे येतो. आमचा एक लहानसा मेळ आहे. समा येथे मी, ठाण्यात एक निवृत्त बँक कर्मचारी, बेळगावात एक औषधविक्रेते आणि न्यू जर्सीत एक संगणक अभियंता भगिनी. दर रविवारी संध्याकाळी साडेसातला आम्ही पडद्यावर एकत्र येतो. त्या वेळी त्यांच्याकडे सकाळचे दहा वाजलेले असतात, हिवाळ्यात नऊ. 2020 च्या टाळेबंदीत सुरू झालेला हा परिपाठ टाळेबंदी उठल्यावरही चालू आहे.

लोकांना वाटते, आम्ही चौघे मिळून वाजवतो. ते अशक्य आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. बडोद्याहून न्यू जर्सी सरळ रेषेतही बारा हजार किलोमीटरांहून दूर. म्हणजे केवळ जाण्यातच सेकंदाचा सोळावा भाग गेला, आणि प्रत्यक्षातील वळणे व यंत्रांचा विलंब धरता त्याच्या दुपटी-तिपटीने. सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागापलीकडे विलंब गेला की दोन वादकांची लय एकमेकांची वाट पाहता पाहता मंदावत जाते. म्हणून एक वाजवतो आणि तिघे ऐकतात. प्रत्येकाचा तानपुरा त्याच्याच खोलीत. शिवाय हे संगणकी प्रोग्रॅम माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेले. सलग लांबलेला स्वर म्हणजे पंख्याची घरघर असे समजून ते तो पुसून टाकतात. दीर्घ षड्ज लावावा आणि समोरच्यास शांतता ऐकू यावी! झूममध्ये वादकांसाठी ‘ओरिजिनल साऊंड’ नावाची सोय आहे. ती चालू करणे हा आमच्या सभेचा मंगलाचरणाचा विधी झाला आहे.

मला या अडचणीचा उपयोगच अधिक झालेला दिसतो. एकत्र वाजवता येत नाही म्हणून ऐकावे लागते, आणि हौशी माणूस सर्वांत कमी काय करीत असेल तर दुसऱ्या हौशी माणसाचे वादन शेवटपर्यंत ऐकणे. आमचा नियम असा की आधी स्वर कोठे उतरला ते सांगायचे, मग स्तुती. ठाण्याच्या स्नेह्यांना प्रारंभी हे फार लागले. सहा महिन्यांनी त्यांचा कोमल ऋषभ जागेवर आला.

याहून गंभीर गोष्ट गेल्या वर्षीची आहे. बेळगावचे स्नेही भीमपलास वाजवीत होते. आम्हां दोघांना ते नेहमीसारखे वाटले. न्यू जर्सीच्या भगिनी म्हणाल्या, “काका, तुम्ही पूर्वी हे वाक्य एका श्वासात संपवत होता. आता मध्ये दोनदा थांबता.” आमच्याकडे जुनी ध्वनिमुद्रणे होती. ती लावून घड्याळाने मोजली. आठ महिन्यांत त्यांचा दम जवळजवळ एक तृतीयांश घटला होता. घरच्यांना ते कळले नव्हते, कारण घरात कोणी श्वास मोजत नाही. त्यांनी डॉक्टरांना दाखवले, फुप्फुसाचा विकार निघाला, उपचार सुरू झाले. अजूनही ते रविवारी येतात. वाक्ये आखूड झाली आहेत. परंतु कोठे थांबावे हे आता ते स्वतः ठरवतात, श्वास ठरवीत नाही.

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिक होईल. आपल्या समा भागातील एक मुलगा पडद्यावर पाहून दोन वर्षे बासरी शिकला. स्वर चांगले, पण मनगट दुखू लागले. वाजवणे सोडावे असे त्याच्या आईस वाटत होते. तो माझ्याकडे आला तेव्हा दिसले की तो बासरी खांद्याकडे फार ओढून धरतो आणि उजवी अनामिका ताणून छिद्रावर टेकवतो. कॅमेरा समोरून पाहतो. मनगट बाजूने पाहावे लागते. मी त्याची बासरी तांदळाच्या दाण्याएवढी फिरवली आणि कोपर थोडे खाली घेतले. या कामाला पाच मिनिटे लागली, आणि ती पाच मिनिटे कोणत्याही तारेतून पाठवता येत नाहीत. ओठांच्या कोनाचेही तेच. फुंकेची धार कडेवर कोठे आदळते हे शिक्षक कानाने ओळखतो खरे, परंतु दुरुस्त करतो तो बोटाने.

म्हणून माझी या संस्थेकडे एक विनंती आहे. समा हे एकेकाळी शहराबाहेरचे गाव होते. आज तेथे सोसायट्यांमागून सोसायट्या उभ्या आहेत, आणि सूरसागराजवळच्या संगीत महाविद्यालयापर्यंत लहान मुलाने संध्याकाळच्या रहदारीतून जावे अशी अपेक्षा करणे कठीण आहे. फ्लॅटमध्ये रियाज करावा तर शेजारच्या घरी परीक्षा असते. शाळेने रविवारी सकाळी दोन तास एक खोली उघडी ठेवावी. शिक्षक नेमण्याची आवश्यकता नाही. मी येईन, आणखी दोघांनी यायचे कबूल केले आहे. पडदा आणि ध्वनिक्षेपक शाळेकडे आहेतच. महिन्यातून एकदा ठाणे, बेळगाव आणि न्यू जर्सीचे कानही तेथे हजर राहतील. उरलेल्या रविवारी मुलांची मनगटे पाहिली जातील.

सात बासऱ्या मी आज बरोबर आणल्या आहेत, काळी एकपासून पांढरी पाचपर्यंतच्या. लहान हातांसाठी आखूड बासऱ्या आधी द्याव्यात. लांब बासरी बोटे पुरू लागल्यावरच. उन्हाळ्यात त्या खिडकीत ठेवू नयेत, बांबू तडकतो. आतून तेलाचा बोळा महिन्यातून एकदा फिरवावा. पेटी मुख्याध्यापकांच्या कार्यालयात ठेवली आहे, आणि किल्ली शिपाईकाकांकडे दिली आहे.