वहीची किल्ली कोणाच्या हातीं?



तुळजापुरास दर्शनासाठीं गेलेल्या पुष्कळ कुटुंबांस तेथील पुजाऱ्यांच्या वह्या परिचित असतील. यजमानाचें नांव, गांव, कूळ हें त्यांत जपलेलें असतें. व्यापाऱ्याची गिऱ्हाइकांची वही याच जातीची. आज ती संगणकांत गेली असून तीस सीआरएम, म्हणजे ग्राहकसंबंध सांभाळणारी प्रणाली, असें म्हणतात.

भूम तालुक्यांतील एखादा खव्याचा व्यापारी घ्या. पुण्या-सोलापूरचीं त्याचीं गिऱ्हाइकें, त्यांची मागणी, त्यांच्याकडील येणें, हें सारें सीआरएममध्यें आहे. बिलें पाठविणारें ॲप मात्र निराळें. त्या ॲपास नांवें व पत्ते कळल्यावांचून बिल जाणार कसें? पूर्वीचा उपाय सोपा पण घातक होता: वहीचा पासवर्डच ॲपाच्या स्वाधीन करावयाचा. पेवांतून एक पोतें नेण्यास आलेल्या गड्याच्या हातीं साऱ्या वाड्याच्या किल्ल्या देण्यासारखेंच हें झालें.

यावर ओऑथ नांवाची रीत निघाली. तिचा पहिला मसुदा २००७ सालीं व आज रूढ असलेली दुसरी आवृत्ति ऑक्टोबर २०१२ मध्यें प्रसिद्ध झाली. हें कुलमुखत्यारपत्र नव्हे. नेमक्या कामापुरतें खास मुखत्यारपत्र होय.

प्रथम बिलाच्या ॲपाची सीआरएमकडे नोंद होते. त्यास एक ओळखक्रमांक व एक गुप्त शब्द मिळतो, आणि उत्तर कोणत्या पत्त्यावर धाडावयाचें तेंही ठरतें. नंतर ॲप व्यापाऱ्यास सीआरएमच्याच दारीं पाठवितें. पासवर्ड तेथेंच द्यावयाचा. ॲपास तो दिसत नाहीं. मग संमतीचें पान समोर येतें. त्यावर ॲपानें मागितलेले अधिकार लिहिलेले असतात. त्यांस स्कोप म्हणतात. वाचणें निराळें, लिहिणें निराळें, पुसणें निराळें. बिलांस वाचणें पुरेसें असतां पुसण्याचा अधिकार मागणाऱ्या ॲपास नकार द्यावा, हेंच शहाणपण.

संमति मिळतांच सीआरएम एक अल्पजीवी कोड नोंदलेल्या पत्त्यावरच धाडते. तो कोड व गुप्त शब्द दाखवून ॲपाचा सर्व्हर ॲक्सेस टोकन मिळवितो. चेन्नईच्या झोहो कंपनीच्या सीआरएममध्यें हें टोकन एक तास चालतें. पुढें रिफ्रेश टोकन दाखवून नवें घेतां येतें. त्यामुळें व्यापाऱ्यास वारंवार संमति द्यावी लागत नाहीं.

परंतु येथेंच धोक्याची जागा आहे. टोकन चलनी नोटेसारखें असतें. ज्याच्या हातीं, त्याचें. ऑगस्ट २०२५ मध्यें ड्रिफ्ट नांवाच्या संभाषण-ॲपाचीं ओऑथ टोकनें चोरांच्या हातीं लागलीं, आणि त्यांच्या बळावर सेल्सफोर्स या सीआरएममधील शेंकडों संस्थांची माहिती बाहेर गेली. कोणाचाहि पासवर्ड फोडावा लागला नाहीं. अखेर तीं टोकनें रद्द करावीं लागलीं.

म्हणून ॲप जोडतांना तें काय मागतें हें वाचावें, वापर संपतांच दिलेली परवानगी काढून घ्यावी, व दिवाळीच्या वहीपूजनाबरोबर जोडलेल्या ॲपांची यादीही एकवार तपासावी. पासवर्ड बदलला म्हणजे जुनें मुखत्यारपत्र आपोआप रद्द होतेंच, या भरंवशावर राहूं नये. वही व्यापाऱ्याची खरी. पण तींतील नांवें गिऱ्हाइकांचीं आहेत, आणि तीं विश्वासानें लिहून दिलेलीं आहेत.