साडेसहा टेपांचं अंतर

माझे अब्बा शिंपी होते. तालुक्याच्या बाजारपेठेत पंचेचाळीस वर्षं त्यांनी पायडलचं शिलाई मशीन चालवलं. २०१२ च्या जुलैत एका पहाटे ते वुजू करायला उठले आणि न्हाणीच्या उंबऱ्याशीच कोसळले. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला. मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. डॉक्टर पक्षाघात म्हणाले, गल्ली लकवा म्हणाली.

जीव वाचला. अब्बा घरी आले आणि आम्हा भावंडांमध्ये सेवेची चढाओढ लागली. कुणी उचलून बसवायचं, कुणी घास भरवायचं. अब्बा पाय हलवायच्या आत आम्ही तो उचलून ठेवायचो. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, तेही झालं. असे सहा महिने गेले. "आता जेवढं सुधारायचं तेवढं सुधारलं," असं लोक म्हणू लागले. खरं सांगायचं तर मीही मनातून तेच म्हणत होतो.

मग भाभींच्या ओळखीतून एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी आली. दहा मिनिटं ती नुसती बघत बसली. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, तुम्ही सगळे आजोबांचे पाय झालात. मग त्यांचे स्वतःचे पाय कशाला उठतील?"

ते वाक्य मला लागलं. पण खरं होतं. पक्षाघातात बिघाड पायात नसतो, पायाला हुकूम देणाऱ्या मेंदूत असतो. मेंदूच्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मात्र शाबूत राहिलेल्या भागाला त्यांचं काही काम शिकवता येतं. हे शिकणं लहान मुलाच्या पाढ्यांसारखं असतं, घोकल्याशिवाय येत नाही. आणि जे घोकावं तेच येतं. अब्बांनी अडखळत विचारलं, "मशीनचं पायडल मारू का?" ती म्हणाली, "मारा की. पण त्यानं पायडल मारणं सुधारेल. चालायचं असेल तर पायांवर भार घेऊन चालायलाच हवं."

सुरुवात खुर्चीवरून झाली. हातांचा टेकू न घेता उठायचं, पुन्हा सावकाश बसायचं. पहिल्या दिवशी चार वेळा, महिन्याभरानं पंचवीस वेळा. मग स्वयंपाकाच्या ओट्याला धरून उभं राहायचं आणि अंगाचा भार डावीकडून उजवीकडे न्यायचा. मग चांगला पाय पाटावर ठेवायचा आणि खाली काढायचा, म्हणजे तेवढा वेळ सगळा भार दुबळ्या पायाला सोसावा लागतो. आणि रोज चालणं. अब्बांचं पाऊल पुढून लोंबायचं, म्हणून पाय विळ्यासारखा बाहेरून फिरायचा. त्यासाठी तिनं पावलाला आधार देणारा स्प्लिंट दिला. काठी चांगल्या हातात दिली. मदतनीसानं दुबळ्या बाजूला, किंचित मागे राहायचं आणि कमरेचा पट्टा धरायचा. लुळा हात धरून कधीही ओढायचं नाही, खांदा दुखावतो. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुबळा. चालताना धाप किती लागावी? बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत.

एके दिवशी ती म्हणाली, "दहा मीटर चालायला किती सेकंद लागतात ते मोजू." अब्बांनी खुणेनंच आपला टेप मागितला. शिंप्याचा टेप साठ इंचांचा, म्हणजे दीड मीटरचा. गल्लीत साडेसहा टेप अंतर मोजलं आणि कापडावर आखायच्या खडूनं दोन्ही टोकांना रेघा मारल्या. अब्बांना लागले एकेचाळीस सेकंद.

या मोजणीला अर्थ आहे. ज्याला दहा मीटरला पंचवीस सेकंदांहून जास्त लागतात, त्याचं चालणं बहुधा घरापुरतंच राहतं. साडेबारा सेकंदांच्या आत आलेला माणूस सहसा बाजारहाट करू शकतो. मधल्यांचं फिरणं आसपासपुरतं. अब्बांना हे पटलं. मापाशिवाय त्यांनी आयुष्यात काही केलंच नव्हतं. चार महिन्यांनी, मे महिन्यात, तेच अंतर त्यांनी बावीस सेकंदांत कापलं.

पुढे मी याविषयी वाचलं. अमेरिकेत ४०८ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले होते. काही रुग्णांना अंगाचा भार पट्ट्यांनी तोलून सरकत्या पट्ट्यावर, म्हणजे ट्रेडमिलवर चालवलं. काहींना फिजिओथेरपिस्टनं घरी येऊन ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम दिले. वर्षाअखेरीस दोन्हींकडचे निकाल सारखेच निघाले. एकूण ५२ टक्के रुग्णांचं चालणं वरच्या पायरीवर गेलं. ज्यांचं ट्रेडमिलवर चालणं सहा महिने उलटल्यावर सुरू झालं, तेही मागे राहिले नाहीत. ते वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. आमचे सहा महिने वाया गेले होते, पण दार बंद झालं नव्हतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. भारतातल्या १४ रुग्णालयांमध्ये १,२५० रुग्णांवर एक चाचणी झाली. घरच्यांना थोडं शिकवून व्यायाम त्यांच्याकडेच सोपवले, तर काय होतं ते पाहिलं. २०१७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये निकाल आला : सहा महिन्यांनी फरक काहीच नाही. म्हणजे माया हवीच, पण नुसत्या मायेवर भागत नाही. पायरी कधी वाढवायची, कुठे थांबायचं, हे जाणणारा माणूस लागतो. खासगी उपचार परवडत नसतील तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या भौतिकोपचार विभागात चौकशी करावी. सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना रक्तदाब आणि हृदय दाखवावं. छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथेच थांबावं. घरातल्या सुट्या चटया उचलाव्यात, सपाता काढून मागे पट्टा असलेल्या चपला घालाव्यात. पडण्याची भीती खोटी नसते.

अब्बांचा उजवा हात शेवटपर्यंत पुरता सुधारला नाही. कातर त्यांना पुन्हा धरता आली नाही. पण २०१३ च्या पावसाळ्याआधी ते काठी टेकत स्वतःच्या पायांनी दुकानात गेले. पुढची पाच वर्षं खुर्चीत बसून धाकट्या भावाच्या शिलाईतल्या चुका काढत राहिले. गल्लीतली रेघ पावसात पुसली की नवी मारून घ्यायचे, आणि माझ्या हातात घड्याळ द्यायचे.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं माणूस असेल, तर एक विनंती. ते खुर्चीतून उठायला धडपडू लागलं की जवळ उभे राहा, कमरेचा पट्टा धरा. पण उचलण्याआधी मनात दहापर्यंत मोजा. आम्ही सहा महिने ते दहा आकडे मोजले नव्हते.