क्यूआर कोड कुणाच्या नावाचा?

आज समाजकार्याची पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

तुमच्यापैकी काही जण लवकरच एखाद्या संस्थेत रुजू व्हाल आणि ‘महिला उद्योजकता प्रशिक्षण’ असं लिहिलेली फाइल तुमच्या टेबलावर येईल. मला त्या फाइलीबद्दलच बोलायचंय.

समजा, दिल्लीत भोगलला भाड्याच्या खोलीत राहणारी एक अफगाण बाई बोलानी करून विकते. बोलानी म्हणजे बटाटा किंवा गंदन्याची पात भरून तेलावर भाजलेली पातळ पोळी. तुम्ही हिशेबाला बसलात की मैदा, बटाटा, तेल ती पैशापर्यंत चोख सांगेल. गॅस? डबे? ऑटोचं भाडं? ते घरखर्चात जिरलेलं असतं. आणि पहाटेपासून ओट्याशी उभं राहिल्याची मजुरी? तो रकाना कोराच. तो भरला की कळतं, नफा म्हणून जो मोजत होतो ती मजुरीच होती, आणि तीही कमी. हा धडा जरूर शिकवा. आपल्या पोळीभाजी केंद्रांनाही तो हवाच आहे.

पण गिऱ्हाईक पैसे द्यायला फोन काढतं तेव्हा समोरचा क्यूआर कोड असतो शेजाऱ्याच्या नावाचा. बँकेनं आधार मागितलं. तिच्याकडे होतं संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचं कार्ड. भारतानं 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही केलेला नाही. काउंटरवरचा माणूस ते कार्ड उलटंपालटं करून परत देतो. दिवसाची कमाई शेजाऱ्याच्या मर्जीवर, आणि वर्गात आपण तिला बचतीचं महत्त्व सांगणार! युगांडाच्या 2006 च्या कायद्यानं निर्वासितांना काम करायची मुभा दिली आहे. तरी कंपालात किटेंगे कापड विकत फिरणाऱ्या काँगोच्या बायकांना माल जप्त होण्याची धास्ती असतेच. मात्र तिथे निदान कायद्यावर बोट ठेवून भांडता येतं.

आपलं उल्हासनगर घ्या. फाळणीनंतर इथे, कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांच्या जिद्दीचं आपण कौतुक करतो, ते रास्तच. पण ती माणसं या देशाची नागरिक होती, आणि विस्थापितांच्या उद्योगांना कर्ज देण्यासाठी सरकारनं 1948 मध्येच स्वतंत्र वित्त यंत्रणा उभी केली होती. सत्काराच्या भाषणांत ही अर्धी गोष्ट गाळली जाते.

तेव्हा वेळापत्रकात वर्गाबाहेरचे दिवस घाला. बाईंबरोबर बँकेत जा, शाखाधिकाऱ्यांना भेटा. नकार मिळाला तर तो लेखी मागा. भाडेकरारासाठी घरमालकाच्या दारात बसा, त्याचा चहा प्या. आणि वार्षिक अहवालात ‘किती जणींना प्रशिक्षण दिलं’ या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखा: ‘किती जणींचं खातं स्वतःच्या नावावर’. देणगीदार विचारतील, हा दुसरा आकडा एवढा लहान का? त्यांना बसवून घ्या आणि सगळं सांगा.